हे रंग खरे आहेत का?

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे पहिले पूर्ण रंगीत चित्र ११ जुलै २०२२ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जगापुढे ठेवले. दुसऱ्या दिवशी आणखी काही चित्रे प्रसिद्ध झाली. काळ्याभोर पार्श्वभूमीवर विखुरलेल्या हजारो दीर्घिका, कॅरिना तेजोमेघाचे तांबूस कडे, एकमेकींना खेटून असल्यासारख्या दिसणाऱ्या पाच दीर्घिका ही चित्रे पाहून खगोलशास्त्राशी कधी संबंध न आलेली माणसेही थक्क झाली.

त्यानंतर शाळांमध्ये व्याख्यानाला जाताना आम्ही ही चित्रे सोबत नेऊ लागलो. एका माध्यमिक शाळेत नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, आपण तिथे गेलो तर हे असंच दिसेल का?’’ तास संपत आला होता. आम्ही घाईने सांगितले, ‘‘नाही, हे रंग नंतर भरलेले असतात.’’ ‘‘म्हणजे चित्र खोटं आहे,’’ असे म्हणून ती खाली बसली. वर्गात थोडा हशा पिकला आणि घंटा झाली.

आमचे उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते, आणि त्या अपुरेपणाने नुकसान केले. काही मिनिटांपूर्वीचे आश्चर्य मावळले आणि त्या जागी ‘शास्त्रज्ञही चित्रे रंगवून दाखवतात’ असा समज उरला. हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना वर्गात विचारला जात असेल. त्याचे पुरे उत्तर काय, ते येथे पाहू.

कॅमेरा काय नोंदवतो?

दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याला रंग कळत नाही. त्याच्या संवेदकावर लक्षावधी बारीक चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत किती प्रकाश पडला, त्याची फक्त संख्या नोंदवली जाते. पृथ्वीवर येतो तो अशा संख्यांचा एक प्रचंड तक्ता. लहान संख्येला काळा, मोठीला पांढरा आणि मधल्या संख्यांना करड्या छटा दिल्या की कृष्णधवल चित्र तयार होते.

यात दुर्बिणीचे वेगळेपण काहीच नाही. आपल्या मोबाइलचा कॅमेराही रंगांध असतो. म्हणून त्याच्या चौकटींवर लाल, हिरवे आणि निळे सूक्ष्म फिल्टर बसवलेले असतात. तीन फिल्टरांमधून आलेल्या नोंदी एकत्र जुळवून फोनमधला संगणक रंगीत चित्र तयार करतो. आपल्या डोळ्यांतही तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि त्यांच्या संदेशांवरून मेंदू रंग ठरवतो. कोणतेही रंगीत चित्र हे असे जुळवलेलेच असते.

मग फरक कुठे आहे? मोबाइलचे फिल्टर आपल्या डोळ्यांशी मिळतेजुळते असावेत अशा बेताने निवडलेले असतात, कारण सहलीचे छायाचित्र डोळ्यांना दिसले तसे यावे एवढीच आपली अपेक्षा असते. दुर्बिणीचे फिल्टर मात्र आकाशाला कोणता प्रश्न विचारायचा आहे, त्यावरून निवडले जातात.

तीन फिल्टर, तीन वायू

याचे उत्तम उदाहरण म्हणजे हबल दुर्बिणीने १९९५ साली घेतलेले ‘निर्मितीचे स्तंभ’ हे चित्र. गरुड तेजोमेघातील वायू आणि धूलिकणांचे हे तीन खांब आपल्यापासून सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर आहेत. सर्वांत उंच खांबाची लांबी सुमारे ४ प्रकाशवर्षे आहे, म्हणजे सूर्यापासून सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतच्या अंतराच्या जवळपास. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या शास्त्रज्ञांनी हे चित्र घेतले, ते तीन अरुंद फिल्टर वापरून. एका फिल्टरमधून आयनीभूत ऑक्सिजनचा सुमारे ५०१ नॅनोमीटरचा प्रकाश येत होता, दुसऱ्यातून हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा आणि तिसऱ्यातून आयनीभूत गंधकाचा सुमारे ६७२ नॅनोमीटरचा.

आता विद्यार्थ्यांना विचारून पाहावे, की ६५६ आणि ६७२ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना कोणत्या रंगाचा दिसेल? दोन्ही लालच. चित्र ‘नैसर्गिक’ रंगांत दाखवले असते, तर हायड्रोजन आणि गंधक एकाच लाल रंगात मिसळून गेले असते. कोणता वायू कुठे आहे हेच तर शास्त्रज्ञांना पाहायचे होते. म्हणून ऑक्सिजनला निळा, हायड्रोजनला हिरवा आणि गंधकाला लाल रंग देण्यात आला. यात तरंगलांबीचा क्रम बदललेला नाही. सर्वांत आखूड तरंगांना निळा, सर्वांत लांब तरंगांना लाल, जसे इंद्रधनुष्यात असते तसेच. खांबांच्या कडा कुठे उजळ आहेत आणि त्यांचे आकार कसे आहेत हे आकाशाने ठरवले. त्यासाठी रंग कोणता वापरायचा, हे माणसाने.

अशा चित्रांना ‘खोट्या रंगांची चित्रे’ म्हणण्याची पद्धत होती. आम्हाला ‘प्रातिनिधिक रंग’ हा शब्द अधिक योग्य वाटतो. भूगोलाच्या नकाशात डोंगर तपकिरी आणि मैदाने हिरवी असतात, म्हणून नकाशाला कोणी खोटा म्हणत नाही. हवामानाच्या बातम्यांतील उपग्रहचित्रात वादळाचे ढग तापमानानुसार रंगवलेले असतात. ते पाहून मच्छीमार होड्या किनाऱ्याला लावतात. रंग दिले आहेत म्हणून वादळ खोटे ठरत नाही.

डोळ्यांपलीकडचा प्रकाश

वेब दुर्बिणीच्या बाबतीत प्रश्न आणखी पुढे जातो. आपले डोळे ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश पाहू शकतात. वेब दुर्बीण ०.६ ते सुमारे २८ मायक्रॉनपर्यंतचा, म्हणजे मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते. या प्रकाशाला आपल्या दृष्टीने रंगच नाही. तेव्हा ‘खरा रंग कोणता?’ या प्रश्नालाही येथे उत्तर उरत नाही.

मग अवरक्त प्रकाशच का पाहायचा? याची दोन मुख्य कारणे आहेत. पहिले कारण धूळ. आंतरतारकीय धूलिकण दृश्य प्रकाश अडवतात, परंतु अवरक्त प्रकाशाचा बराच भाग त्यांमधून पार होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये वेबने काढलेले त्याच स्तंभांचे चित्र हबलच्या चित्राशेजारी ठेवून पाहावे. जे खांब हबलला जवळजवळ भरीव दिसले, ते येथे विरळ झालेले आहेत आणि त्यांच्या आत व पलीकडे असंख्य तारे दिसतात.

दुसरे कारण विश्वाचे प्रसरण. दूरच्या दीर्घिकेकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येईतो अवकाश ताणले जाते आणि त्याबरोबर प्रकाशाची तरंगलांबीही वाढते. यालाच ताम्रसृती म्हणतात. २०२४ साली जाहीर झालेल्या एका दीर्घिकेची ताम्रसृती १४ पेक्षा किंचित जास्त आहे. मूळ तरंगलांबीला ताम्रसृती अधिक १ या संख्येने गुणले की येथे पोचलेली तरंगलांबी मिळते. हायड्रोजनची एक महत्त्वाची तरंगलांबी ०.१२२ मायक्रॉन, म्हणजे जंबुपार विभागात आहे. तिला १५ ने गुणले की सुमारे १.८ मायक्रॉन येतात, म्हणजे थेट अवरक्त. हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम ३० कोटी वर्षे होते. तो पाहायचा तर अवरक्त दुर्बिणीवाचून गत्यंतर नाही.

यामुळेच दुर्बिणीची सारी रचना ठरली. प्रत्येक उबदार वस्तू स्वतः अवरक्त किरण फेकते. दुर्बीणच उबदार असेल तर ती स्वतःच्याच प्रकाशाने आंधळी होईल. म्हणून ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर दूर, टेनिसच्या मैदानाएवढ्या पाचपदरी पडद्याच्या सावलीत ठेवली आहे. तिचा साडेसहा मीटर व्यासाचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे आणि त्यावर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा आहे, कारण सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते.

११ जुलैचे ते पहिले चित्र ०.९ ते ४.४ मायक्रॉनच्या दरम्यानच्या सहा फिल्टरांमधून, एकूण साडेबारा तास प्रकाश गोळा करून तयार झाले. येथेही नियम तोच होता. आखूड तरंगांना निळा आणि लांब तरंगांना नारिंगी-लाल. म्हणून त्या चित्रातील गर्द तांबडा ठिपका काहीतरी सांगतो. ती दीर्घिका खूप दूरची असेल किंवा धुळीने भरलेली असेल. नेमके काय, ते वर्णपट घेऊन ठरवावे लागते.

चित्रात आकाशाचे काय, दुर्बिणीचे काय?

चित्र खरे असते म्हणजे त्यातली प्रत्येक रेघ आकाशातली असते असे मात्र नाही. वेबच्या चित्रांत तेजस्वी ताऱ्यांना सहा मोठे आणि दोन छोटे काटे फुटलेले दिसतात. ताऱ्यांना काटे नसतात. आरशाच्या षटकोनी कडा आणि पुढच्या आरशाला आधार देणाऱ्या दांड्या यांमुळे प्रकाशाचे विवर्तन होते, त्याची ही खूण आहे. हबलच्या चित्रात असे चारच काटे असतात. त्यामुळे चित्र कोणत्या दुर्बिणीचे, हे विद्यार्थी काटे मोजून ओळखू शकतात.

याउलट, पहिल्या चित्रात काही दीर्घिका वाकून धनुष्यासारख्या झालेल्या दिसतात. भिंगात दोष असावा असे प्रथम वाटते. परंतु हा दोष दुर्बिणीचा नाही. चित्राच्या मध्यभागी असलेल्या दीर्घिकासमूहाचे वस्तुमान इतके आहे, की त्याच्या मागून येणारा प्रकाश वाकतो. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार घडणारे हे गुरुत्वीय भिंग आहे. त्या समूहाकडून आलेला प्रकाश ४६० कोटी वर्षांपूर्वी, आपली पृथ्वी घडत होती त्या सुमारास निघालेला आहे.

म्हणजे जे स्वाभाविक वाटते ते उपकरणाचे निघते आणि जो बिघाड वाटतो तो आकाशाचा. चित्र वाचायला शिकावे लागते ते यासाठी. मूळ संख्यांचे तक्ते संग्रहात ठेवलेले असतात आणि काही काळानंतर ते सर्वांना खुले होतात. दुसरा कोणी वेगळे रंग देऊन पाहील, पण धनुष्ये त्याच जागी येतील.

आणखी एक गोष्ट विसरू नये. १२ जुलै २०२२ रोजी सुंदर चित्रांबरोबर एक साधा आलेखही प्रसिद्ध झाला. ‘वास्प-९६ बी’ हा सुमारे १,१५० प्रकाशवर्षे दूरचा वायुरूप ग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जात असताना त्याच्या वातावरणातून गाळून आलेल्या प्रकाशाचा तो आलेख होता. त्यातल्या उंचवट्यांवरून तेथे पाण्याची वाफ असल्याचे दिसते. भिंतीवर टांगावा असा तो आलेख नव्हे. पण आमच्या मते त्या दिवसाचे सर्वांत मोठे आश्चर्य तेच होते.

वर्गात करून पाहण्यासाठी

पांढऱ्या कागदावर लाल शाईने एक शब्द आणि त्यावरच हिरव्या शाईने दुसरा शब्द लिहावा. लाल जिलेटिन कागदातून पाहिल्यास लाल शब्द जवळजवळ नाहीसा होतो आणि हिरवा गडद दिसतो. हिरव्या जिलेटिनमधून उलट होते. एकाच कागदावरची वेगवेगळी माहिती फिल्टर कशी सुटी करतो ते यातून समजते.

दुसऱ्या प्रयोगासाठी फळ्यावर दहा गुणिले दहा चौकटींचा तक्ता काढून त्यात ० ते ९ अंक भरावेत. एखादा आकार लपेल अशी त्यांची मांडणी करावी. गटागटांनी आपापला रंगनियम ठरवून तक्ता रंगवावा. मात्र एका अंकाला सगळीकडे एकच रंग हवा, आणि नियम चित्राखाली लिहायला हवा. सर्व चित्रे भिंतीवर लावली की रंग निरनिराळे पण आकार एकच, हे मुलांना आपोआप दिसते. एखाद्या गटाने मध्येच नियम मोडला, तर चित्र खोटे होणे म्हणजे काय तेही कळते.

त्या मुलीच्या मूळ प्रश्नाकडे वळू. आपण तिथे गेलो तर असेच दिसेल का? नाही. तेजोमेघाजवळ गेल्यास तो आकाशात मोठा दिसेल, पण त्याचा प्रत्येक भाग आहे तितकाच मंद राहील, कारण वाढलेला प्रकाश वाढलेल्या आकारावर पसरतो. अंधूक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंगही नीट कळत नाहीत. इतका प्रवास करून आपल्याला बहुधा एक फिकट करडा ढग दिसेल. त्यातला ऑक्सिजन कुठे आणि गंधक कुठे, धुळीआड कोणते तारे जन्मत आहेत, हे तिथे उभे राहूनही आपल्या डोळ्यांना कळणार नाही. येथे बसून ते चित्रातून कळते.

हे उत्तर द्यायला पाच मिनिटे पुरली असती. आता व्याख्यानाच्या शेवटी आम्ही तेवढी पाच मिनिटे राखून ठेवतो, आणि कोणी विचारले नाही तर तो प्रश्न स्वतःच विचारतो.