पावणेतेरा मिनिटांचं वर्ष

अ‍ॅरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवर एमएमटी ही दुर्बीण आहे. १९७९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सहा आरसे मिळून काम करत. २००० साली त्यांच्या जागी साडेसहा मीटर व्यासाचा एकच आरसा बसला. कौतुक बहुधा आरशाचंच होतं. पण त्याने गोळा केलेला प्रकाश फाकवून ताऱ्याचा वर्णपट नोंदवणारा ‘ब्लू चॅनल’ स्पेक्ट्रोग्राफ हा इथला खरा गुप्तहेर.

खगोलशास्त्रज्ञ वॉरन ब्राउन शोधत होते आकाशगंगेबाहेर भिरकावले गेलेले अतिवेगवान तारे. २००५ मध्ये पहिला सापडलाही. पण त्यासाठी निवडलेल्या निळसर ठिपक्यांमध्ये काही भलतेच निघाले: श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे, तेही विलक्षण हलके. दुसऱ्या कुणी ते बाजूला टाकले असते. ब्राउन आणि मुक्रेमिन किलिच यांनी त्यांचीच मोहीम काढली.

हलके आहेत हे कसं कळलं? श्वेत बटूच्या पृष्ठभागावर गुरुत्व आणि दाब इतके प्रचंड असतात, की वर्णपटातल्या हायड्रोजनच्या काळ्या रेषा पसरून रुंद होतात. त्या कमी पसरल्या असतील तर गुरुत्व कमी, म्हणजे वस्तुमानही कमी. सूर्याच्या ०.३ पटीहून हलका श्वेत बटू एकट्या ताऱ्यापासून बनायला विश्वाचं आजचं वयही पुरत नाही. तेव्हा त्याचे बाहेरचे थर शेजारच्या कुणीतरी ओरबाडले असणार, आणि तो शेजारी अजून जवळपासच असणार.

२०११ मध्ये जे०६५१ हा असाच एक हलका बटू सापडला. त्याच्या रेषा निळ्या टोकाकडून तांबड्याकडे आणि परत अशा झोके घेत होत्या. वेग सेकंदाला सहाशे किलोमीटरहून अधिक, एक फेरी पावणेतेरा मिनिटांत. इथे निरीक्षकाची कोंडी होते. मंद ताऱ्यासाठी कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवावा, तर तेवढ्यात तारा कक्षेत पुढे सरकतो आणि रेषा फरफटते. कमी वेळ ठेवावा, तर प्रकाशच पुरत नाही. एवढ्यासाठीच मोठा आरसा लागतो. गंमत अशी, की दिसतो तो हलकाच. वजनदार जोडीदार आकाराने लहान, म्हणून मंद. त्याची चाहूल दुसऱ्याच्या झोक्यातून लागते. दोघांतलं अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. ते एकमेकांना झाकतातही, आणि वर्षभरानंतर हे ग्रहण अपेक्षेपेक्षा सहा सेकंद लवकर लागू लागलं होतं. कक्षा आवळत चालली आहे, कारण गुरुत्वीय लहरी तिची ऊर्जा पळवतात.

२०१९ मध्ये केव्हिन बर्ज यांनी उलट वाट धरली. पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणात (कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींच्या नेतृत्वाखाली उभं राहिलेलं) ठरावीक काळाने मंदावणारा ठिपका आधी हाती लागला, फेरी सात मिनिटांच्या आत! पण हे दोन श्वेत बटूच आहेत याची खात्री हवाईतल्या केक दुर्बिणीच्या वर्णपटांनी दिली. या जोडीतला वजनदार बटू सुमारे पन्नास हजार अंशांपर्यंत तापलेला. त्याच्या उष्णतेने जोडीदाराचा समोरचा चेहरा उजळतो. त्यामुळे वर्णपटात एकाच्या काळ्या रेषा एकीकडे सरकतात, तेव्हा दुसऱ्याच्या तेजस्वी रेषा विरुद्ध दिशेला.

गुरुत्वीय लहरी अवकाशातून ऐकण्यासाठीच्या ‘लिसा’ मोहिमेला युरोपीय अवकाश संस्थेने २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०३५च्या सुमारास तिची तीन यानं जातील. या दोन्ही जोड्यांच्या लहरी कशा असतील याचं गणित आधीच मांडता येतं, त्यामुळे यानं नीट ऐकताहेत की नाही याची परीक्षा यांच्यावरच होईल.