नोकरीचा लॅपटॉप वेगळा, छंदाचा वेगळा

आज जरा वेगळा विषय घेतलाय. आपल्या कितीतरी जणींची मुलं-मुली पुण्याला हिंजवडीत, खराडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला आहेत. आमच्या गटातल्या एका काकूंची मुलगीही तिकडेच. मागच्या बैठकीत काकू म्हणाल्या, "दिवसभर कंपनीचं करते, आणि जेवण झालं की पुन्हा लॅपटॉप उघडून बसते. विचारलं तर म्हणते, हे माझं आहे. नोकरी जाईल का गं हिची?"

खरं सांगायचं तर यात आमचाही हात होता. ती हौसेने फोनवर चालणारा हिशेबाचा प्रोग्रॅम करत होती. आपल्या गटाची बचत, कर्ज, व्याज त्यात बसव, अशी गळ आम्हीच तिला घातली. रात्री अकराला मेसेज टाकायचो, "झालं का गं?" म्हणून मग मीच तिला फोन केला आणि सगळं समजून घेतलं.

दिवसभर तेच काम करून रात्री पुन्हा तेच का? ती म्हणाली, कंपनीत मोठ्या कामाचा एक तुकडा आपल्याकडे येतो, पूर्ण गोष्ट दिसतच नाही. मला लगेच पटलं. आपण दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपतो, तरी संध्याकाळी परसबागेतल्या वांग्यांना पाणी घालताना कंटाळा येत नाही.

पण हक्काचा प्रश्न आहे. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रॅमवर, वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क मालकाचा. स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनाने केलेलं आपलं. मात्र नेमणूकपत्रात याहून कडक अटी असू शकतात, आणि त्या वाचायच्या आधीच आपली पोरं सही करून मोकळी होतात. (आपणही कर्जाच्या कागदावर तेच करतो म्हणा.) म्हणून कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःचं काही करायचं नाही, आणि कमाईचा विचार असेल तर आधी लेखी विचारायचं. २०२२ मध्ये विप्रो कंपनीने प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करतात म्हणून ३०० जणांना काढलं होतं. छंद वेगळा, दुसरी नोकरी वेगळी, पण कागदावर तो फरक आपल्यालाच दाखवावा लागतो.

अमेरिकेतल्या स्टीव्ह वॉझनियाक यांची गोष्ट तिने सांगितली. हे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत कॅल्क्युलेटर बनवायच्या नोकरीला होते. नोकरी सांभाळून त्यांनी हौसेने एक छोटा कंप्युटर तयार केला. तो विकायची वेळ आली तेव्हा आधी आपल्याच कंपनीला दाखवला. कंपनीने नको म्हटलं. मग १९७६ साली मित्रांबरोबर त्यांनी ॲपल कंपनी काढली, तरी नोकरी लगेच सोडली नाही. आधी विचारलं म्हणून पुढे वाट मोकळी राहिली, हे मला त्यात महत्त्वाचं वाटलं.

राहिली झोप. त्यांच्याकडे नवीन काम ग्राहकाला द्यायचा आठवडा असला की ऑफिसच रात्रीपर्यंत चालतं. वर आमचं काम! महिनाभर ती रात्री दोनला झोपत होती आणि त्याच काळात ऑफिसच्या कामातही तिच्या हातून चूक झाली. साहेबांनी बोलावून विचारलं, हे तिने आईला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं तेव्हा माझीच मान खाली गेली.

आता ती फक्त शनिवारी सकाळी तीन तास, स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर काम करते. ऑफिसात घाई असली की तेही नाही. रात्री मेसेज करायचा नाही, हे आम्ही गटात ठरवलंय. काकूंनाही सांगितलंय, "बंद कर ते" म्हणू नका, "जेवलीस का, झोपलीस का" एवढं विचारा.

कंपनीला तिने लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर आपला हिशेब वहीतच, आणि या महिन्यात वही माझ्याकडे आहे. ज्यांचा हप्ता राहिलाय त्यांनी सोमवारपर्यंत आणून द्या.