आधी ब्रेक, मग बास!

काकांच्या अंगणात ताडपत्रीखाली जुनी टाटा इस्टेट धूळ खात पडलीये? मग तुमची चैन आहे दोस्तांनो! १९९२ साली आलेली ही आपल्या पुण्याची स्टेशन वॅगन. ऐसपैस डिकी, १९४८ सीसीचं डिझेल इंजिन आणि सिएराशी सख्खं नातं. त्यामुळे जुन्या बाजारात पार्ट शोधताना सिएराचंही नाव घ्या.

पण थांबा! अलॉय आणि म्युझिक सिस्टीमवर पॉकेटमनी उडवू नका. आधी मॅट उचला. वरून चकाचक दिसणाऱ्या गाडीचा गंज तिथे सापडतो. पत्रा सडला असेल तर आधी वेल्डिंग, मग रंग. त्यानंतर ब्रेक. रबरी होज आणि ब्रेक ऑइल बदलाच. जुनं ऑइल ओलावा धरून बसतं. घाट उतरताना ब्रेक तापले की ते उकळतं आणि पेडल मऊ पडतं. तेव्हा सबवूफर काही कामाचा नाही!

कागदपत्रंही बघा. १५ वर्षांनंतर आरटीओत पुनर्नोंदणी लागते, तीही ५ वर्षांसाठीच. रंग बदललात तर आरसीवर नोंद हवी.

एवढं झालं, की पहिली राइड काकांना द्या. गाणी नंतर वाजवू!