मुळशीच्या भातखाचरात नॅनो युरियाचे स्थान

मुळशी तालुक्यात भाताची लावणी आटोपते न आटोपते तोच ताम्हिणीकडून पावसाचा जोर वाढतो. खाचरात फेकलेल्या युरियाचा मोठा भाग अशा वेळी पिकास लाभत नाही. काही वाहत्या पाण्याबरोबर ओढ्यात व तेथून मुळेच्या पात्रात जातो, काही जमिनीत झिरपतो, तर काही वायुरूपाने उडून जातो. त्यांतील नायट्रस ऑक्साइड हा वायू वातावरण तापविण्यात कर्बवायूहून अडीचशे पटींहून अधिक प्रभावी आहे.

हा अपव्यय टाळण्यासाठी इफ्को या सहकारी संस्थेने २०२१ साली नॅनो युरिया हे द्रवरूप खत आणले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या खताचे कण इतके सूक्ष्म असतात की, फवारल्यावर ते पर्णरंध्रांतून थेट पानात शिरतात, असे उत्पादकांचे प्रतिपादन आहे. अर्धा लिटरची एक बाटली युरियाच्या एका गोणीचे काम करते, असेही सांगण्यात आले.

येथे शेतकरी बंधूंनी थोडा हिशेब करावा. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. पहिल्या बाटलीत नत्राचे प्रमाण ४ टक्के, म्हणजे अवघे २० ग्रॅम होते. पुढे हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले, तरी ते १०० ग्रॅमच भरते. एक टन भात पिकविण्यास मात्र १५ ते २० किलो नत्र लागते. पानातून अन्न कितीही चांगले शोषले गेले, तरी एवढी तूट भरून निघणे कठीण. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगात शिफारशीतील नत्र घटवून नॅनो युरिया फवारला असता भात व गहू या दोन्ही पिकांचे उत्पन्न घटले. दाण्यातील नत्रही कमी झाले. ज्याचे वर्षाचे धान्य दोन खाचरांवर अवलंबून आहे, त्याने अशी घट सोसावी कशी?

तेव्हा लावणीच्या वेळची खतमात्रा कमी करू नये. फवारणी करावयाची झाल्यास वरखताला पूरक म्हणून, प्रथम थोड्या क्षेत्रात करून पाहावी. पाने कोरडी असावीत व पुढे काही तास उघडीप मिळावी. श्रावणातील मुळशीत अशी उघडीप मिळणे हेच दुर्मिळ!

नत्र वाचविण्याचा अधिक भरवशाचा उपाय चारसूत्री भात लागवडीत आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांनी ही पद्धत विकसित केली. तीत रोपे १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतरांवर लावतात आणि लावणीच्या दिवशीच चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. एकरी सुमारे २५,००० गोळ्या, म्हणजे ६७ ते ६८ किलो खत लागते. चिखलाखालच्या गोळीतील नत्र सावकाश सुटते व मुळांजवळच राहते. मजुरी अधिक पडते हे खरे. परंतु वरखताची पाळी वाचते.

या पद्धतीचे आणखी एक सूत्र भाताच्या तुसाच्या काळ्या राखेचे आहे. या राखेत सिलिका विपुल असते; हिच्यापासूनच प्रयोगशाळांत नॅनो सिलिका तयार करतात. रोपवाटिकेत पेरणीपूर्वी दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख मातीत मिसळल्यास रोपे कणखर होतात व खोडकिड्यास सहजी बळी पडत नाहीत. गिरणीमागे पडून राहणारे तूस त्यासाठी उन्हाळ्यातच आणून ठेवावे.