रिमवरची काळी भुकटी

चारचाकी धुताना पुढच्या चाकांच्या रिमवर काळपट-तपकिरी भुकटी हाताला लागते. मागच्या चाकांवर ती कमी असते. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि पुढचे पॅड जास्त झिजतात, म्हणून हा फरक. भुकटीत डिस्कचं लोखंड असतं, शिवाय पॅडमधलं तांबं, बेरियम, अँटिमनी. रिमला चिकटते ती थोडीच. बरीचशी चौकातल्या हवेत उडते, आणि सिग्नलला थांबलेला दुचाकीस्वार ती श्वासाबरोबर आत घेतो.

हवेच्या गुणवत्तेच्या फलकावर दिसणारा पीएम १० किंवा पीएम २.५ चा आकडा म्हणजे एक घनमीटर हवेतल्या, दहा किंवा अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं वजन. त्यात माती किती आणि धातू किती, हे वजनावरून कळत नाही. कणाच्या आकारावरून मात्र बराच माग लागतो.

घासून, दळून झालेले कण बहुतेक जाडसर: रस्त्याची धूळ, टायरमधलं जस्त, ब्रेकच्या भुकटीचा मोठा वाटा. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक यांची वाट वेगळी. भट्टीत किंवा कचऱ्याच्या आगीत त्यांची वाफ होते आणि थंड होताना ती हवेतल्या बारीक कणांवर जमते. तेवढ्याच वजनाच्या बारीक कणांचं एकूण पृष्ठफळ कितीतरी मोठं, त्यामुळे हे विषारी धातू त्यांच्याच अंगावर अधिक सापडतात. आणि नेमके हेच कण खोल जातात. पीठ चाळताना कोंडा वर राहावा तसे जाड कण नाकाघशात अडकतात. अडीच मायक्रॉनखालचे वायुकोशांपर्यंत पोचतात. त्याहून सूक्ष्म कणांची मजल आणखी पुढे जात असावी. मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या मृतांच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे, गोलसर कण सापडल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. असे गोल कण प्रचंड उष्णतेत तयार होतात, म्हणून ते बाहेरच्या हवेतून आले असावेत.

धातू हटवता येतो, हे शिशाने दाखवलं. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं, आणि गाड्यांच्या धुरातला शिशाचा मुख्य स्रोतच गेला. पण २००९ च्या राष्ट्रीय मानकांत धातूंपैकी मर्यादा आहे ती फक्त शिसं, आर्सेनिक आणि निकेल यांना. कॅडमियमला नाही, ब्रेकमधल्या तांब्यालाही नाही. ही उणीव भरायला हवी.

कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ब्रेक पॅडमधलं तांबं टप्प्याटप्प्याने जवळपास संपवायचं ठरवलं. कारण होतं पाणी: रस्त्यावरचं तांबं पावसाबरोबर ओढ्यांत उतरत होतं, आणि ते माशांना घातक ठरत होतं.