श्वासाचा स्नायू थकलाय का? सोनोग्राफी कसं ओळखते, समजून घ्या

फुफ्फुसांची ताकद मोजायची, तर डॉक्टर नळीत जोरात फुंकायला सांगतात. पण ज्यांचे ओठच नीट मिटत नाहीत, त्यांनी काय करायचं? मोटर न्यूरॉन आजार म्हणजेच एमएनडीच्या अनेक रुग्णांची हीच अडचण असते. अशा वेळी सोनोग्राफीचं नेहमीचं मशीन कामी येऊ शकतं.

आजार काय आहे?
स्नायूंना आदेश देणाऱ्या मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी हळूहळू मरतात. हात-पाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास, सगळंच दुबळं होत जातं. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी या आजाराचं निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले. पण ते अपवाद होते. बहुतेक रुग्णांचा मृत्यू श्वसनाचे स्नायू निकामी झाल्याने होतो.

फुफ्फुसं चांगली, मग श्वास का अडतो?
फुफ्फुसं स्वतःहून फुगत नाहीत. छाती आणि पोटाच्या मधलं श्वासपटल म्हणजेच डायफ्रॅम खाली सरकतं, तेव्हा हवा आत येते. मानेतून निघणारी फ्रेनिक नस त्याला चालवते. नसेकडून आदेश कमी झाले की श्वासपटल बारीक होतं.

सोनोग्राफीत काय दिसतं?
काखेखाली, खालच्या बरगड्यांच्या मधे प्रोब ठेवतात. दोन पांढऱ्या रेषांमध्ये एक काळसर पट्टा दिसतो, तेच श्वासपटल. श्वास सोडल्यावर आणि पूर्ण घेतल्यावर त्याची जाडी मोजतात. निरोगी स्नायू आकुंचन पावताना जाड होतो.

गणित सोपं आहे. जाडी २ मिमीवरून ३ मिमी झाली, तर वाढ ५० टक्के. १.५ वरून १.७ झाली, तर जेमतेम १३ टक्के. वाढ २० टक्क्यांहून कमी असेल, तर स्नायू नीट काम करत नसल्याची शंका घेतली जाते. तपासणीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही.

मर्यादा कोणत्या?
फरक मिलिमीटरच्या अंशात असतो, त्यामुळे तपासणाऱ्याचा हात सराईत लागतो. डाव्या बाजूला जठरातल्या हवेमुळे चित्र अस्पष्ट येऊ शकतं. म्हणून ही तपासणी इतर चाचण्यांच्या जोडीला असते, त्यांच्याऐवजी नाही. शिवाय भारतात १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी बंधनकारक आहे. मशीन उचलून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी नेणं तितकं सोपं नाही.

लवकर कळल्याने काय फरक पडतो?
रात्री मास्क लावून श्वासाला आधार देणारं मशीन, म्हणजे एनआयव्ही, वेळेत सुरू करता येतं. ब्रिटनमध्ये ४१ रुग्णांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बोलण्या-गिळण्याचे स्नायू फारसे बिघडलेले नव्हते, अशा रुग्णांचं आयुष्य एनआयव्हीमुळे मध्यमान २०५ दिवसांनी वाढलं. जगण्याचा दर्जाही सुधारला.

घरच्यांनी काय पाहावं?
- आडवं झोपल्यावर दम लागणं
- सकाळी उठताच डोकं दुखणं
- रात्रभर झोपूनही दिवसा पेंग येणं
- बोलताना वाक्य मध्येच तुटणं

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसला, तरी गाफील राहू नका. तो रक्तात साठणारा कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. डॉक्टरांना न विचारता घरी ऑक्सिजनही लावू नका. या आजारात त्याने कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. वरचं एकही लक्षण दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.