थायरॉइडचा कर्करोग : रक्तातील कॅल्शियम आणि स्वयंपाकघरातील मीठ

बनशंकरी म्हणजेच शाकंभरी, भाजीपाल्याची देवता. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंगळुरूच्या बनशंकरी भागात असो वा पुण्या-मुंबईत, अवटू अर्थात थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न आहाराचाच निघतो. कोबी-फ्लॉवर वर्ज्य करावा का? कोणती जीवनसत्त्वे सुरू करावीत? कोबी-फ्लॉवर शिजवून नेहमीच्या प्रमाणात खाण्यास सहसा हरकत नसते. जीवनसत्त्वांचे उत्तर मात्र इतके सोपे नाही.

या रुग्णांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी असल्याचे काही अभ्यासांत आढळले, तर काहींत असा फरक दिसला नाही. कमतरतेमुळेच कर्करोग होतो, हे त्यातून सिद्ध झालेले नाही. भारतात तर ही कमतरता निरोगी व्यक्तींतही सर्रास आढळते. खरे लक्ष द्यावे लागते ते उपचारांच्या काळात.

थायरॉइडच्या मागील बाजूस तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे नियंत्रण त्या करतात. संपूर्ण थायरॉइड काढताना त्यांना इजा झाली किंवा त्यांचा रक्तपुरवठा कमी झाला, तर साधारण एक ते तीन दिवसांत कॅल्शियम घसरते. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पायांत गोळे येतात. हा निव्वळ अशक्तपणा समजून घरी स्वस्थ बसणे धोक्याचे आहे. प्रमाण फार खाली गेल्यास झटके येऊ शकतात व हृदयाची लय बिघडू शकते. बहुतेकांची ही अवस्था काही आठवड्यांत वा महिन्यांत निवळते, थोड्यांना औषधे आयुष्यभर लागतात. परावटूचा स्राव नसेल तर मूत्रपिंडात ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप पुरेसे तयार होत नाही. म्हणून अशा रुग्णांना कॅल्शियमसोबत कॅल्सिट्रिऑल हे सक्रिय रूपच दिले जाते. मॅग्नेशियम कमी असल्यास कॅल्शियम देऊनही वाढत नाही, त्यामुळे तेही तपासले जाते.

आयोडीनची गोष्ट उलटी आहे. पॅपिलरी व फॉलिक्युलर प्रकारांत शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन-१३१ देण्यात येते. मुंबईत परळ येथील किरणोत्सर्गी औषध केंद्र १९६३ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. उरलेल्या पेशींनी हे औषध शोषून घ्यावे, यासाठी त्यांना आधी एक ते दोन आठवडे आयोडीनविना उपाशी ठेवावे लागते. आहारातील आयोडीन दिवसाला सुमारे ५० मायक्रोग्रॅमच्या आत राखण्यास सांगितले जाते. ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असते. म्हणजे दहा ग्रॅम मिठातूनच १५० मायक्रोग्रॅम पोटात जाते. गलगंड रोखण्यासाठी २००६ पासून देशात खाण्यासाठी बिनआयोडीनयुक्त मिठाच्या विक्रीवर बंदी आहे. हे धोरण योग्यच, पण या रुग्णाला तेवढे दिवस वेगळे मीठ रुग्णालयाच्या सल्ल्याने मिळवावे लागते. समुद्री मासे, दूध, अंड्याचा पिवळा बलक, पापड, लोणची आणि हॉटेलचे जेवणही टाळावे लागते. उपचार आटोपले की नेहमीचे मीठ पुन्हा सुरू करता येते.

यानंतर उरते ती रोजची थायरॉक्सिनची गोळी. ती उपाशीपोटी, पाण्यासोबत घ्यायची असते. बेंगळुरूकरांना कठीण वाटेल, पण फिल्टर कॉफी त्यानंतर किमान अर्ध्या तासाने! कॅल्शियम व लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे, अन्यथा थायरॉक्सिन नीट शोषले जात नाही.

केस गळतात म्हणून अनेक जण बायोटिन घेतात. या जीवनसत्त्वामुळे काही प्रयोगशाळा-चाचण्यांचे निष्कर्ष चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. कर्करोग परतला का, हे पाहण्यासाठी थायरोग्लोब्युलिन मोजतात. बायोटिनमुळे ते प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकते. त्यामुळे रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवावे आणि आपण ते घेत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.